तापीच्या मुखाशी: हवामानबदल आणि पाण्याचे नियोजन

हवामानबदलाची चर्चा बहुधा तापमानाच्या आकड्यांभोवती फिरते. सामान्य माणसाच्या दारात मात्र तो पाण्याच्या रूपाने येतो: कधी ढगफुटीसारखा पाऊस, कधी लांबलेला मान्सून, तर कधी विहिरीत शिरलेले खारे पाणी. या संकटाला तोंड देण्यात जलव्यवस्थापनाचा वाटा किती मोठा आहे, हे समजून घ्यायचे असेल तर सुरतच्या पश्चिमेस, हजिऱ्याच्या वाटेवर वसलेल्या इच्छापोरकडे पाहावे. तापीच्या उजव्या तीरावरील या औद्योगिक पट्ट्यात पूर आणि टंचाई हे दोन्ही प्रश्न एकाच नदीशी निगडित आहेत.

नदी, भरती आणि पाऊस

मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावणारी तापी सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करून अरबी समुद्रास मिळते. तिचे खोरे सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरचे असून त्यातील जवळपास ७९ टक्के भाग महाराष्ट्रात आहे. खानदेशात कोसळलेला पाऊस आणि खानदेशातून पोटासाठी निघालेली माणसे, दोन्ही अखेरीस सुरतेस पोहोचतात. इच्छापोरच्या परिसरात नदीला समुद्राची भरती भेटते. वरून पूर आणि समोरून भरती अशी वेळ आली की पाण्याला बाहेर पडण्यास वाट उरत नाही. त्यातच स्थानिक पाऊस झाला, तर सखल भागातील नाले उलटे वाहू लागतात.

धरणाचे दोन धर्म

सुरतच्या वरच्या अंगास सुमारे शंभर किलोमीटरवर १९७२ मध्ये पूर्ण झालेले उकाई धरण आहे. सिंचन, वीज आणि पिण्याचे पाणी यांसाठी ते भरलेले हवे. पूर थोपवण्यासाठी मात्र त्यात मोकळी जागा हवी. जलव्यवस्थापनातील मूळ पेच हाच आहे. मान्सून ठरावीक चालीने येत असे, तेव्हा अनुभवाच्या आधारे हा तोल सांभाळता येई. आता ती चाल बिघडली आहे.

ऑगस्ट २००६ मध्ये या पेचाची जबर किंमत सुरतने मोजली. खोऱ्यात अतिवृष्टी झाली, जलाशयात पाण्याचे प्रचंड लोंढे आले आणि धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक, म्हणजे दर सेकंदास ९ लाख घनफूट, पाणी सोडावे लागले. शहरातील पात्राची सुरक्षित वहनक्षमता याच्या सुमारे निम्मी होती. शहराचा तीन चतुर्थांश भाग पाण्याखाली गेला, शंभराहून अधिक लोकांचा बळी गेला आणि हजिऱ्याच्या कारखान्यांनाही पुराचा वेढा पडला. पाणी आधीपासून टप्प्याटप्प्याने का सोडले नाही, हा प्रश्न त्यानंतर दीर्घकाळ गाजला.

नियम आणि पूर्वसूचना

पाऊस आपल्या हाती नाही. जलाशयाची पातळी, पूर्वसूचना आणि नदीचे पात्र मोकळे ठेवणे या गोष्टी आहेत. उकाईची पूर्ण संचयपातळी ३४५ फूट असली, तरी पावसाळ्याच्या प्रत्येक टप्प्यावर किती पाणी साठवावे याची मर्यादा ठरवलेली असते. या मर्यादेचे पालन आणि खोऱ्यातील पावसाच्या अंदाजावरून विसर्गाचा निर्णय, हीच पूरनियंत्रणाची खरी किल्ली होय. २००८ पासून सुरत आशियाई शहरांच्या हवामानविषयक उपक्रमात सहभागी झाली आणि २०१२ मध्ये ‘सुरत क्लायमेट चेंज ट्रस्ट’ स्थापन झाला. वरच्या खोऱ्यातील पाऊस, जलाशयातील आवक आणि शहरातील सखल वस्त्या यांची माहिती एकत्र जोडणारी पूर्वसूचना यंत्रणा याच प्रयत्नांतून आकारास आली. सूचना काही तास आधी मिळाली, तरी तळमजल्यावरील कुटुंबाला वृद्ध, लेकरे आणि धान्य वर हलवता येते.

टंचाईची बाजू

पुराची भीती असलेल्या या टोकालाच गोड्या पाण्याची वानवाही आहे. समुद्राचे खारे पाणी वर येऊ नये आणि पिण्याचे पाणी अडावे, म्हणून सिंगणपोर येथे १९९५ मध्ये बंधारा बांधण्यात आला. इच्छापोर या बंधाऱ्याच्या खालच्या बाजूस येते. त्यामुळे येथील नदीचे पाणी भरतीच्या अधीन आहे आणि किनाऱ्यालगतच्या भूजलात क्षार शिरण्याचा धोका कायम आहे. यावर सुरत महापालिकेने शोधलेला एक उपाय अनुकरणीय आहे. २०१४ मध्ये बमरोली येथे दररोज ४ कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. त्यात सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करून ते पांडेसऱ्याच्या कापड कारखान्यांना विकले जाते. कारखान्यांनी वापरलेल्या अशा प्रत्येक लिटरमागे नदीतील गोडे पाणी पिण्यासाठी वाचते. २०१८ मध्ये गुजरातने प्रक्रियायुक्त सांडपाण्याच्या पुनर्वापराचे स्वतंत्र धोरणही जाहीर केले.

विज्ञान काय सांगते?

तापमान एक अंशाने वाढले की हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०१७ मधील अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. समुद्राची पातळीही चढते आहे. तापीच्या मुखाशी या दोन्ही गोष्टींचा भार एकत्र येतो.

गोव्यासाठी बोध

गोव्याच्या नद्या आखूड असून भरतीचे पाणी त्यांत दूरवर आत शिरते. भरती-ओहोटीनुसार उघडमीट करणारी मानस आणि खाजनाचे बांध ही आपल्या पूर्वजांची जलव्यवस्थापनाची शास्त्रशुद्ध पद्धतच होती. आज अनेक ठिकाणी तिची डागडुजी थांबली आहे. तिळारी धरण महाराष्ट्रातील दोडामार्ग तालुक्यात असले, तरी त्याचे पाणी उत्तर गोव्याची तहान भागवते आणि त्याचा विसर्ग उत्तर गोव्यातील नदीकाठच्या गावांना भोगावा लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये साळ, इब्रामपूर आणि हणखणे या गावांनी हा अनुभव घेतला आहे. जुलै २०२१ च्या पुराने सत्तरीतील घरेही जमीनदोस्त केली.

खानदेश आणि सुरत यांच्यातील नाते तिळारी आणि पेडणे यांच्यातही आहे. राज्याची सीमा नकाशावर असते, पाण्याला ती ठाऊक नसते. पावसाळ्यापूर्वी जलाशयाची पातळी जाहीर करणे, विसर्गाची सूचना शेवटच्या वाड्यापर्यंत पोहोचवणे, मानशींची दुरुस्ती करणे आणि सांडपाण्याचा पुनर्वापर वाढवणे, ही कामे नव्या धरणाहून कमी खर्चाची आहेत. ती पाऊस येण्याआधी पूर्ण व्हावी लागतात.