खो देणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांचं कूळ

दोन बीसी-547 ट्रान्झिस्टर, दोन कपॅसिटर, चार रेझिस्टर, दोन एलईडी आणि तीन पेन्सिल सेल. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारा एवढा ऐवज ब्रेडबोर्डवर नीट खोचला, की दोन दिवे आळीपाळीने लुकलुकू लागतात. इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागलेल्या कित्येकांचा श्रीगणेशा याच सर्किटाने होतो. त्याचं नाव मात्र भारदस्त आहे: मल्टिव्हायब्रेटर.

दिवे दोन, तर नावात ‘मल्टि’ कशाला?

आधी आतला खेळ पाहू. तो थेट खो-खोचा आहे. पहिला ट्रान्झिस्टर सुरू झाला की त्याच्या कलेक्टरचा व्होल्टेज धाडकन खाली येतो. तिथून दुसऱ्याच्या बेसला जोडलेला कपॅसिटर आधीच भरलेला असतो. त्याचं एक टोक खाली ओढलं गेलं की दुसरंही तेवढंच खाली जातं, अगदी शून्याच्याही खाली. बेस असा खड्ड्यात गेल्यावर दुसरा ट्रान्झिस्टर गप्प बसतो. मग 47 किलोओहमच्या रेझिस्टरमधून प्रवाह झिरपत राहतो आणि बेस हळूहळू वर येतो. तो साधारण 0.6 व्होल्टला पोचला की दुसरा उठतो आणि उठता उठता पहिल्याला बसवतो. कपॅसिटर 10 मायक्रोफॅरडचा असेल, तर कागदावर एका खोला सुमारे 0.32 सेकंद लागतात: रेझिस्टर गुणिले कपॅसिटर गुणिले 0.69. एलईडी स्वतःच थोडा व्होल्टेज खातो, म्हणून प्रत्यक्षात खो जरा लवकर मिळतो.

पण पहिला खो कोण देतो? इथे गंमत आहे. एकाच पाकिटातले दोन ट्रान्झिस्टरही तंतोतंत सारखे नसतात. सेल जोडताच त्यातला एक केसभर पुढे जातो आणि खेळ सुरू होतो. कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्ये दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या असतात, त्यामुळे हेच सर्किट कधीकधी ढिम्म बसून राहतं.

त्याचा जन्म मात्र दिवे लुकलुकवण्यासाठी झाला नव्हता. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या लष्करी तारायंत्र खात्यासाठी आँरी अब्राम आणि यूजेन ब्लॉक हे दोन भौतिकशास्त्रज्ञ काम करत होते. अडचण मोजमापाची होती. रेडिओ लहरी सेकंदाला लाखो वेळा कंप पावतात. त्या मोजायच्या कशाने? विश्वासाने मोजता येत होता तो ट्यूनिंग फोर्क, म्हणजे सेकंदाला हजारभर कंपनं. हजार आणि लाख यांच्यामध्ये पूल हवा होता.

त्यांनी दोन ट्रायोड व्हॉल्व्ह एकमेकांना कपॅसिटरने असे जोडले, की एकाची उडी दुसऱ्याला झोपवेल. त्यातून निघालेली लहर गोलसर नव्हती, काटकोनी, झटक्याची होती. अशा झटक्यात मूळ कंपनासोबत त्याची दुप्पट, तिप्पट, पन्नासपट, शंभरपट कंपनंही भरलेली असतात. फोर्कच्या तालाशी मूळ कंपन जुळवलं, की वरची सगळी कंपनं मोजपट्टीवरच्या खुणांसारखी नेमक्या अंतरावर उभी राहतात. ‘मल्टि’ आला तो या असंख्य कंपनांमुळे; व्हॉल्व्ह दोन आहेत म्हणून नव्हे. 1919 साली दोघांनी हे काम प्रसिद्ध केलं.

पुढे दोघेही ज्यू म्हणून पकडले गेले आणि 1943-44 मध्ये त्यांना आउश्विट्झला पाठवण्यात आलं. दोघांपैकी कोणीही परतलं नाही.

मल्टिव्हायब्रेटर जन्मला त्याच काळात इंग्लंडमध्ये एकल्स आणि जॉर्डन या दोघांनी अशीच, पण आपण होऊन खो न देणारी जोडी केली. कॉम्प्युटरचा फ्लिप-फ्लॉप तो हाच. 1972 साली बाजारात आलेल्या, हान्स कामेनझिंडने रचलेल्या 555 या आठ पायांच्या चिपने हौशी मंडळींना दोन ट्रान्झिस्टरांची जुळणीही विसरायला लावली. सोय झाली खरी, पण 555 मध्ये खो कोण कोणाला देतो ते दिसत नाही. शिकायला जुनी जोडीच बरी.

अब्राम आणि ब्लॉक यांचं ‘मल्टि’ ऐकायचं असेल तर दोन्ही कपॅसिटर काढून 10 नॅनोफॅरडचे लावा. दिवे आता सेकंदाला हजाराहून जास्त वेळा उघडझाप करतील, म्हणजे डोळ्यांना नुसते पेटलेले दिसतील. कलेक्टरला वीतभर वायर जोडा, मीडियम वेव्हचा रेडिओ शेजारी ठेवा आणि काटा फिरवा. तीच शिट्टी डायलवर ठिकठिकाणी ऐकू येईल. रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर याच युक्तीचा पेनाएवढा सिग्नल इंजेक्टर वापरत आले आहेत.