पद्मिनीच्या पोटातली कातडी

गेल्या शनिवारी मी आमच्या १९८९च्या पद्मिनीखाली आडवा झालो होतो. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाचं ऑइल सील गळत होतं. पार्किंगच्या फरशीवर रोज नवा डाग. सोसायटीची तंबी येऊन गेलेली, आणि बाबांनी वैतागून सोमवारी भंगारवाल्याला बोलावलं होतं. म्हणजे माझ्याकडे दोन दिवस.

गाडी मागच्या चाकांवर चालणारी. इंजिन, गिअरबॉक्स पुढे आणि तिथून लांबलचक प्रोपेलर शाफ्ट मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनायची. तीच पुढे पद्मिनी झाली. मुंबईत टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत टिकली. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. सीलची कोणाला माहीत नसते.

फिरणारा दांडा खोक्याबाहेर येतो, पण तेल आतच राहायला हवं, हा तसा जुनाच प्रश्न. आधी नमदा, दोरखंड, चामडं असं काहीबाही कोंबायचे. जर्मनीतल्या वाइनहाइमचे फ्रॉयडेनबर्ग हे मुळात चामडं कमावणारे. १९२९च्या मंदीने त्यांचा धंदा बसला, तेव्हा त्यांनी चामड्याची सीलं करायला घेतली. तिथल्या वाल्टर सिमर नावाच्या इंजिनिअरने १९३०च्या दशकात चामड्याची कड पत्र्याच्या कड्यात बसवून तिला मागून स्प्रिंग लावली. जर्मन मेकॅनिक आजही सीलला 'सिमरिंग'च म्हणतात. चामडं तापलं की कडक व्हायचं; मग १९३६च्या सुमाराला त्या जागी तेलाला दाद न देणारं कृत्रिम रबर आलं. आपल्या गाड्यांत असतं ते याच घराण्यातलं.

तर मी प्रोपेलर सोडवला (फ्लँजवर आधी खूण करून, नाहीतर परत लावताना गाडी थरथरते), स्क्रू-ड्रायव्हरने जुनं सील उचकटलं, नवं पाइपच्या तुकड्याने ठोकून बसवलं, तेल भरलं. एक चक्कर मारली. पहिल्यापेक्षा जास्त गळती!

बाबा खुर्ची टाकून बघत होते. "उलटं बसवलंस," एवढंच म्हणाले.

खरंच उलटं होतं. स्प्रिंगची बाजू तेलाकडे हवी. आणि यातली गंमत मला रात्री वाचताना कळली. सीलची कड शाफ्टला घट्ट चिकटत नाही. मध्ये तेलाचा बारीक थर असतोच. कडेचा तेलाकडचा उतार तीव्र, हवेकडचा सौम्य असतो, त्यामुळे शाफ्ट फिरला की निसटणारं तेल आत ओढलं जातं. म्हणजे ते झाकण नसून एक छोटासा पंपच आहे. मी त्याला उलटा लावून तेल बाहेर काढायचं काम दिलं होतं. (बग कसला, चक्क माइनस साइन!)

बाबांनी सांगितलं म्हणून दोन सीलं आणली होती, नाहीतर रविवारी दुकान शोधत बसलो असतो. दुसरं लावलं. कडेला आधी ग्रीस फासलं, शाफ्टवरचा ओरखडा बारीक पॉलिश पेपरने साफ केला आणि यावेळी हातोडी बाबांनी चालवली.

सोमवारी सकाळी गाडीखालचा पुठ्ठा पाहिला. एकच थेंब. तो इंजिनाचा आहे, असं बाबांचं म्हणणं आहे. भंगारवाल्याला त्यांनीच फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं.