जुनापाणीचे दगड आणि पाथरीचे आकाश

साहित्याच्या अध्यापकाला संहितेची सवय असते. समोर शब्द असले की अर्थनिर्णयाची साधने हाताशी येतात. परंतु शब्दच नसतील तर वाचायचे काय आणि कसे? नागपूरजवळच्या जुनापाणी येथील शिलावर्तुळे पाहताना हा प्रश्न आम्हांला पडला. त्याचे उत्तर आम्हांला पूर्णपणे सापडले असे नाही. मात्र प्रश्न नेमका कोठे आहे, हे तेथे कळले.

आम्ही परभणीचे. आकाशाच्या अभ्यासाची आमच्या जिल्ह्यातील परंपरा ग्रंथांतून बोलते. पाथरी, म्हणजे जुने पार्थपूर, येथील ज्ञानराजाने इ.स. १५०३च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ हा ज्योतिषग्रंथ रचला. ग्रहगणित सांगणाऱ्या या ग्रंथात ऋतुवर्णनाचाही एक भाग आहे, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याचा पुत्र सूर्यदास याने १५४१मध्ये भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर टीका लिहिली. सरळ वाचले तर रामकथा आणि उलट वाचले तर कृष्णकथा सांगणारे ‘रामकृष्णविलोमकाव्य’ही त्याचेच. येथे कर्ता माहीत आहे, काळ माहीत आहे, शब्द हाती आहेत. अर्थाविषयी वाद झाला तरी तो शब्दांच्या आधाराने करता येतो.

जुनापाणीला यांपैकी काहीच नाही. नागपूरहून काटोल रस्त्याने गेले की माळावर काळ्या धोंड्यांची वर्तुळे दिसू लागतात. कोठे धोंडे अर्धवट जमिनीत गेलेले, कोठे झुडपांनी वेढलेले. विदर्भातील ही महापाषाणयुगीन स्मारके स्थूलमानाने इ.स.पूर्व पहिल्या सहस्रकातील. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात येथील काही वर्तुळे उकरली आणि १८७९मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९६१-६२मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी येथे उत्खनन केले. विदर्भात माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा येथेही अशी स्थळे खणली गेली. त्या कामात शां. भा. देव यांचा वाटा मोठा आहे. लोखंडी शस्त्रे व अवजारे, काळी-तांबडी मृद्भांडी, घोड्यांचे अवशेष या गोष्टी त्यांतून पुढे आल्या. वर्तुळे मृतांशी निगडित आहेत, याबद्दल त्यामुळे फारसा संशय उरत नाही.

मग आकाश येथे कोठून आले? काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे कोरलेले आहेत. पुष्कळदा ते ओळीने येतात. इंग्लंड-स्कॉटलंडमधील दगडांवरही असे खळगे आहेत, हे रिव्हेट-कार्नॅकच्या ध्यानात आले होते. अलीकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील महापाषाणांचा खगोलशास्त्राशी संबंध असू शकेल काय, हा प्रश्न मांडला. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात निलस्कल, बैसे येथील उभ्या शिळांच्या बाबतीत अयनदिनांच्या सूर्योदय-सूर्यास्ताशी जुळणाऱ्या रेषा अभ्यासकांनी दाखविल्या आहेत.

हे वाचूनच आम्ही २२ डिसेंबरच्या पहाटे त्या माळावर उभे होतो. या दिवसांत तेथे सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो. वर्तुळाच्या मध्यावर उभे राहून आम्ही आग्नेयेकडे डोळे लावले. सूर्य वर आला तो एका मोठ्या धोंड्याच्या अगदी माथ्यावर! आम्ही हरखून गेलो. इतक्यात आमच्यापैकी एकजण सहज दोन पावले बाजूला सरकले आणि म्हणाले, “माझ्या सूर्याखाली तर दुसराच दगड आहे.” खरेच होते. वर्तुळात सगळ्याच दिशांना दगड असतात. सूर्य कोठेही उगवला तरी त्याच्या वाटेत एखादा यायचाच.

जवळच गुरे चारणाऱ्या एका आजोबांनी विचारले, “का पाहून राह्यले जी?” सूर्य पाहतोय म्हटल्यावर ते म्हणाले, “तो तं रोजच निघते.”

आम्ही हसलो खरे, पण आजोबांच्या बोलण्यात आमच्या पद्धतीवरचा आक्षेपच होता. जे सर्वत्र आढळते, ते खूण ठरू शकत नाही. खूण ठरते ती निवड. म्हणूनच महत्त्व वर्तुळाला नसून खळग्यांना आहे, कारण ते मोजक्याच दगडांवर आहेत. कोणीतरी हेतुपूर्वक ते दगड वेगळे केले. अनेक वर्तुळांत असे दगड ठराविक दिशांनाच पुनःपुन्हा येतात काय, हे मोजले तरच काही बोलता येईल. त्यातही सूर्याची साक्ष ताऱ्यांहून भरवशाची. गेल्या तीन हजार वर्षांत अयनदिनाचे सूर्योदयस्थान अर्ध्या अंशाच्या आसपासच हलले; संपातचलनामुळे ताऱ्यांची स्थाने मात्र सुमारे ७२ वर्षांत एक अंश या गतीने, म्हणजे एकूण चाळीसएक अंश सरकली. आजचे आकाश पाहून त्या काळच्या ताऱ्यांविषयी बोलणे म्हणजे जुन्या पोथीतल्या शब्दाला आजच्या कोशातला अर्थ चिकटविण्यासारखे आहे.

कवितेच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असतो की, आपल्याला हवा तो अर्थ संहितेवर लादू नका. त्या पहाटे तेच आम्ही करू पाहत होतो. प्राचीनांच्या ज्ञानाचा गौरव करण्याची घाई झाली की पुरावा मागे राहतो आणि प्राचीनही. ज्यांनी एवढे धोंडे वाहून आणले, त्यांनी ते आपल्या मृतांसाठी आणले होते. त्यांना वेधशाळेचे मानकरी ठरविल्याने त्या शोकाची उंची वाढत नाही. ते वेधशाळेचे मानकरी नव्हते असे ठरल्याने ती कमीही होत नाही.

ज्ञानराज आपल्याला काय म्हणायचे होते ते सांगून गेला. जुनापाणीच्या माणसांनी खळगे कोरले आणि ते निघून गेले. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपल्याला मोजमापातूनच मिळवावा लागेल. परतताना आमच्या वहीत दोन वर्तुळांची रेखाचित्रे होती, खळगे असलेल्या दगडांच्या दिशा होत्या आणि निष्कर्षाची जागा कोरी होती. ती तशीच कोरी ठेवून ते पान आम्ही वर्गात दाखविणार आहोत.