चाकावरचे दुसरे दातेरी चक्र

मी शाळेत असताना शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यातल्या एका काकांनी सायकलला लहानसे पेट्रोल इंजिन बसवले. त्याच्या चेनसाठी ४४ दात्यांचे चक्र मागच्या स्पोकवरच नटबोल्टने आवळले. आठवड्यात चार स्पोक तुटले.

इतके मोठे चक्र कशाला? सायकलचे चाक एका फेऱ्यात सुमारे २ मीटर जाते. ताशी ३० किलोमीटरला मिनिटाला २५० फेरे झाले. इंजिनाचे होतात साडेचार हजार. वेग अठरापट उतरवायला हवा. १० दात्यांवरून ४४ दात्यांवर गेले की ४.४ पट उतरतो, उरलेला इंजिनातल्या गिअरमध्ये. पाय सावकाश फिरतात, म्हणून सायकलीत उलटे असते: पुढचे चक्र मोठे, मागचे लहान. मुलांना दाते मोजायला लावा.

आता स्पोक. जेम्स स्टार्ले यांनी १८७४ साली ते हबला तिरके, स्पर्शिकेच्या दिशेने जोडले, म्हणजे हबला बसलेला पीळ रिमपर्यंत पोचतो. स्पोक लांबीच्या दिशेने ओढ उत्तम सोसतो. मध्येच आडवे ढकलले तर वाकतो. (१८८५ सालची, मागच्या चाकाला चेन असलेली रोव्हर सायकल त्यांच्याच पुतण्याची.) फ्रान्समध्ये १९४६ पासून विकल्या गेलेल्या व्हेलोसोलेक्सने हा प्रश्नच टाळला: इंजिनाचा रूळ पुढच्या टायरवर टेकवला. ओल्या टायरवर मात्र रूळ घसरतो. पुण्यात १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगची ५० सीसी लूना आली. तिला पायडले होती, पण ती सायकलला इंजिन जोडून केलेली नव्हती. चाकांसकट इंजिनासाठीच आखलेली होती.

काकांनी शेवटी लेथवर दोन अर्ध्या भागांची कॉलर करून घेतली आणि चक्र हबवर आवळले. स्पोक टिकले, चेन मात्र उतरू लागली. मग दर रविवारी ते दात्यांजवळ पट्टी धरून चाक हाताने फिरवत आणि चक्र कुठे डुलते ते पाहत.