गिअर चाकाच्या पोटात की चेनच्या शेपटीला?

गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो आहे. गटाच्या कामाला रोज तीन-चार वाड्या-वस्त्या फिरणाऱ्या ताईसाठी, पशुसखीसाठी, नाहीतर दूध डेअरीवर नेणाऱ्या बाईसाठी बॅटरीची सायकल घ्यावी का? घ्यायची ठरली, की दुकानदार विचारतो, "गिअर कुठला देऊ?" तिथं आपण गप्प होतो. मग घरातला एखादा दादा पुढं होऊन सांगतो, आणि पैसे आपले असूनही निवड त्याची होते. म्हणून आज आम्ही या गिअरची गोष्ट सांगणार आहोत. ती सव्वाशे वर्षांची आहे, आणि तिच्यात एक बाईही आहे.

आधी गिअर म्हणजे काय ते पाहू. पिठाच्या गिरणीत मोटारीचा पट्टा मोठ्या चाकावरून लहान चाकावर घेतला की जातं जोरात फिरतं, पण मोटारीला जोर जास्त लावावा लागतो. सायकलचंही तसंच. चढाला हलका गिअर लावला की पाय जास्त वेळा फिरतात, पण गुडघ्यावर भार कमी येतो. सपाटीला जड गिअर लावला की एका पायडलमध्ये सायकल लांब जाते. हे साधायचे दोन मार्ग निघाले. एकात सगळं यंत्र मागच्या चाकाच्या मधल्या डब्यात, म्हणजे हबमध्ये असतं. त्याला हब गिअर म्हणतात. दुसऱ्यात मागच्या चाकाला लहान-मोठ्या दात्यांच्या चकत्यांची उतरंड असते, आणि खाली लटकणारा एक लोखंडी हात चेनला एका चकतीवरून दुसरीवर ढकलतो. त्याला डिरेलर म्हणतात. दुकानात सहसा दिसतो तो हाच.

हब गिअरची गोष्ट इंग्लंडातली. तिथं विल्यम राइली नावाच्या कारागिरानं १८९०च्या दशकात दोन गिअरचा हब बनवला. पुढं त्यानं तीन गिअरचाही आराखडा केला. पण आधीच्या कंपनीशी करार असा होता, की त्याचा नवा शोध तिच्याच मालकीचा व्हायचा. म्हणून पेटंट त्याच्या सोबत्याच्या, जेम्स आर्चरच्या नावानं काढलं गेलं. हेन्री स्टर्मी नावाचा दुसरा एक गृहस्थही तीन गिअरवर काम करत होता. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीचे मालक फ्रँक बाउडन यांनी दोघांचं काम विकत घेऊन १९०२ साली कंपनी काढली. हबवर नाव पडलं स्टर्मी-आर्चर. राइलीचं नाव कुठंच नाही. काम एकाचं आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, ही गोष्ट आपल्याला काही नवी नाही.

या हबच्या आत मधोमध दात्यांचं एक चाक असतं, त्याला सूर्य म्हणतात. त्याच्याभोवती फिरणारी लहान चाकं म्हणजे ग्रह, आणि त्या सगळ्यांना बाहेरून वेढणारं दात्यांचं कडं. दांड्यावरची खिट्टी दाबली की आतली साखळी ओढली जाते आणि जोर कधी ग्रहांकडून, कधी कड्याकडून चाकाला मिळतो. १९३६ साली निघालेल्या स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या हबमध्ये मधल्या गिअरला मागची चकती आणि चाक बरोबरीनं फिरतात. हलक्या गिअरला चकतीच्या ४ फेऱ्यांत चाकाच्या ३ फेऱ्या होतात, आणि जड गिअरला चकतीच्या ३ फेऱ्यांत चाकाच्या ४. एवढा साधा हिशेब. सगळं झाकलेलं, ग्रीस-तेलात बुडालेलं. पाऊस, चिखल, धूळ आत जात नाही. म्हणून कामावर जाणाऱ्या, बाजार करणाऱ्या साध्या माणसांनी ते उचललं.

दुसरा मार्ग फ्रान्समध्ये वाढला. तिथं साँ-एत्येन गावात पॉल द विवी नावाचे गृहस्थ होते. डोंगरात सायकल चालवायची तर गिअर हवेतच, असं ते लिहून-बोलून सांगत. ते 'व्हेलोसिओ' या टोपणनावानं लिहीत. पण त्या काळी गिअर वापरणं म्हणजे दुबळेपणा, असा पुरुषांचा समज होता. खरा गडी एकाच गिअरवर डोंगर चढतो, असं म्हणायचे.

मग १९०२ साली फ्रान्सच्या टूरिंग क्लबनं डोंगराळ वाटेवर एक चाचणी घेतली. त्यात मार्थ हेस नावाची एक बाई तीन गिअरची सायकल घेऊन उतरली. एदमों फिशर नावाचा नामांकित सायकलपटू एकाच गिअरच्या सायकलवर होता. मार्थनं त्याला सरळ मागं टाकलं.

एवढं डोळ्यांसमोर झाल्यावर तरी मान्य करावं की नाही? आंरी देग्रांज, ज्यांनी पुढच्या वर्षी टूर द फ्रान्स ही जगप्रसिद्ध शर्यत सुरू केली, त्यांचं म्हणणं होतं की गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक आहेत. त्यांच्या शर्यतीत सगळ्यांना डिरेलर वापरायची मुभा मिळाली ती १९३७ साली. एका बाईनं दाखवून दिलेली गोष्ट गड्यांच्या शर्यतीत शिरायला पस्तीस वर्षं लागली.

त्यानंतर मात्र शर्यतीच्या जगात डिरेलरच चालला, कारण तो हलका असतो आणि पायाचा जोर त्यात कमी वाया जातो. जपानमधल्या साकाई गावात १९२१ साली शिमानो कंपनी सुरू झाली, तीही साध्या फ्रीव्हीलपासून. पुढं तिनं दोन्ही तऱ्हेचे गिअर बनवले आणि जगभर पोचवले. नॉटिंगहॅमचा स्टर्मी-आर्चरचा कारखाना २००० साली बंद पडला आणि तो हब तैवानमध्ये तयार होऊ लागला.

आता आपल्याकडं येऊ. स्वातंत्र्यानंतर आपल्याच देशात सायकली मोठ्या प्रमाणावर बनू लागल्या. मद्रासला टीआय, सोनिपतला ॲटलस, आसनसोलला सेन-रॅले, आणि १९५६ पासून लुधियानात हिरो. या काळ्या, उंच, दणकट सायकली गावोगाव पोचल्या. त्यांना गिअर एकच. किंमत परवडावी, गावच्या मिस्त्रीला पाना-हातोडीनं दुरुस्त करता यावी आणि मागं दुधाचे कॅन नाहीतर धान्याचं पोतं लादता यावं, एवढीच अपेक्षा. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यानंतरच्या काळात पोस्टमन, गुरुजी, दूधवाले सायकलवरून येत, हे म्हाताऱ्या माणसांना आठवतं. पण सायकलवर बसलेली बाई आठवते का, असं विचारलं तर बहुतेक आज्या हसतात.

बाई सायकलवर बसल्यानं काय होतं, ते तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यानं दाखवलं. १९९०च्या सुमारास तिथं साक्षरतेची मोठी चळवळ झाली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणं हा चळवळीचाच भाग केला. शेतमजूर बाया, खाणीत खडी फोडणाऱ्या बाया, अंगणवाडीच्या ताया, हजारोंनी सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिलं आहे. त्यातली एक गोष्ट आम्हाला फार आवडते. काही बायांनी लेडीज सायकल सोडून मुद्दाम जेन्ट्स सायकल पसंत केली, कारण तिच्या मधल्या दांड्यावर लेकरू बसवता येत होतं. दुकानदारानं 'बायकांची' म्हणून जी ठेवली होती ती त्यांनी घेतली नाही. रोजच्या कामाला जी लागते ती घेतली.

पुढं बिहार सरकारनं २००६ साली नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे दिले. नंतरच्या अभ्यासात दिसलं, की त्यामुळं योग्य वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुली सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्या. आपल्याकडंही मानव विकास कार्यक्रमातून मराठवाड्यातल्या मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळाल्या. आज ज्या सुना गटाचं दप्तर सांभाळतात, त्यांतल्या कित्येकींचे पाय आधीच पायडलला सरावलेले आहेत.

आता बॅटरीची सायकल. २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल, तर तिला नोंदणी आणि लायसन लागत नाही. मग मोटर आहे तर गिअर कशाला, असं वाटेल. पण बॅटरीमुळं ही सायकल साध्या सायकलीपेक्षा बरीच जड असते. रात्री लाईट गेली, चार्जिंग अर्धंच झालं आणि धारूरच्या घाटात बॅटरी संपली, तर मग उरतात फक्त आपले पाय. त्या वेळी हलका गिअर असला तर निदान चढ संपेपर्यंत पाय चालवता येतात. नसला तर उतरून ढकलत न्यायची.

दुकानात एक घोटाळा नेहमी होतो. 'हब मोटर' आणि 'हब गिअर' हे शब्द सारखे वाटतात, पण वस्तू वेगळ्या. स्वस्तातल्या बहुतेक बॅटरी सायकलींत मोटरच मागच्या चाकाच्या डब्यात असते. ती जागा मोटरनं घेतली, की तिथं हब गिअर सहसा बसत नाही. मग एकतर बाहेरचा डिरेलर, नाहीतर गिअरच नाही. हब गिअर हवा असेल तर मोटर पुढच्या चाकात किंवा पायडलपाशी असावी लागते, आणि अशी सायकल महाग पडते. पायडलपाशी मोटर असली की तिचा सगळा जोर चेन आणि गिअरमधून जातो. म्हणून चेन लवकर झिजते, आणि गिअर बदलताना क्षणभर पाय सैल सोडावा लागतो.

आता दोघांचे गुण-दोष पाहू.

डिरेलर स्वस्त आहे, त्याचे भाग मिळतात आणि शिकलेला मिस्त्री तो उघड्यावरच नीट करू शकतो. पण तो खाली लटकतो. दगडाला आपटला, सायकल त्या बाजूला पडली, तर वाकतो. आपल्या काळ्या रानातला चिखल त्याच्या चकत्यांत भरला की चेन घसरते. तो बदलायचा तर पायडल फिरत असावं लागतं. चढावर अचानक म्हैस आडवी आली आणि जड गिअरमध्येच थांबलो, तर पुन्हा निघताना तारांबळ उडते. शिवाय चेन बाजूला सरकत असल्यानं तिला पूर्ण झाकणारं कव्हर बसत नाही. साडीचा काठ, ओढणीचं टोक तिच्यात अडकण्याची भीती असते.

हब गिअरची चेन एकाच रेषेत राहते, म्हणून पूर्ण चेनकव्हर बसतं. साडीवाल्या बाईला ही लहान गोष्ट नाही. उभ्या जागी, पाय टेकलेला असतानाही गिअर बदलता येतो. चिखलाचं भय कमी. पण पैसे जास्त लागतात, वजन थोडं वाढतं, जोर थोडा जास्त वाया जातो. मागचं चाक पंक्चर झालं तर गिअरची तार सोडवून चाक काढावं लागतं. आणि आत बिघाड झाला तर तो डबा उघडणारा हात जवळपास आहे का, हे आधी पाहावं लागतं.

आम्हाला विचाराल तर आम्ही असं म्हणू. गेवराई-माजलगावकडच्या गोदाकाठच्या सपाट गावांत, ओझं कमी असेल, तर बिनगिअरची, पूर्ण चेनकव्हरची बॅटरी सायकलही भागवते. आष्टी-पाटोद्याकडं, धारूर-अंबाजोगाईच्या बालाघाटात मात्र गिअर हवाच. तिथं जवळ मिस्त्री असेल आणि पैसा मोजका असेल तर डिरेलर घ्या, पण चेनच्या बाजूनं साडी अडकू नये असं गार्ड आणि गिअरला वाचवणारी लोखंडी कडी बसवून घ्या, आणि चढ यायच्या आधीच गिअर हलका करायची सवय लावा. रोज जड ओझं, पदोपदी थांबणं आणि साडीवरच चालवणं असेल, तर हब गिअरला चार पैसे जास्त देणं वाया जात नाही. मात्र तो दुरुस्त कोण करणार, हे दुकानदाराकडून आधी कागदावर लिहून घ्या.

आणि घेण्याआधी एक करा. जी ताई ती सायकल रोज चालवणार आहे, तिलाच दुकानात न्या. तिच्या नेहमीच्या साडीत, मागं तेवढंच ओझं बांधून, बॅटरी बंद करून तिला एखादा चढ चढू द्या. वर पोचल्यावर ती काय सांगते ते ऐका. मार्थ हेसनं सव्वाशे वर्षांपूर्वी चढ चढून दाखवला, तरी तिचं ऐकायला लोकांनी पस्तीस वर्षं लावली. आपल्या गटानं आपल्या ताईचं त्याच दिवशी ऐकावं.

तुमच्या गटानं काय ठरवलं आणि का, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या बैठकीला भेटू.