चारचौघांत हात थरथरतो तेव्हा

बँकेत सही करताना किंवा लग्नघरी चहाचा कप उचलताना हात थरथरू लागतो. घरी, एकांतात मात्र तीच सही सफाईने होते. असा कंप बहुधा चिंतेतून उद्भवतो. भीतीच्या क्षणी शरीरात अॅड्रिनॅलिन स्रवते, छाती धडधडते आणि प्रत्येकाच्या स्नायूंत मुळातच असलेला सूक्ष्म कंप डोळ्यांना दिसण्याइतका वाढतो. ‘लोक पाहत आहेत’ या धास्तीने तो अधिकच बळावतो. हात खिशात लपविल्याने, समारंभ टाळल्याने तेवढ्यापुरते बरे वाटते, पण भीती मुरत जाते.

प्रत्येक कंप मनाचाच असतो, असे मात्र नव्हे. थायरॉइडचा अतिस्राव, दम्याची काही औषधे, आनुवंशिक कंप, अगदी चहाचा अतिरेकही कारण असू शकतो. म्हणून प्रथम वैद्यकीय तपासणी करावी. प्रोप्रॅनोलॉलची गोळी ऐकीव माहितीवर घेऊ नये. दमेकऱ्यांना ती घातक ठरू शकते.

त्या क्षणी श्वास सावकाश सोडावा, कोपर टेकवावे, कप अर्धाच भरून घ्यावा. ‘माझा हात जरा कापतो’ असे सोबतच्या माणसाला सरळ सांगावे. लपविण्याचे ओझे निम्मे तिथेच उतरते. टाळलेले प्रसंग पायरीपायरीने अंगवळणी पाडणारी वर्तनोपचार पद्धती उपयुक्त ठरते.

अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. अकोले तालुक्यातील डोंगराळ गावातून नगरला मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन येण्यात दिवस मोडतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या विनामूल्य सेवेशी १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, मराठीतूनही बोलता येते.