चकाकीवरचे धुके: 'पॉलिश म्हणजे नेमके काय?' या तीनशे वर्षांच्या प्रश्नाचा इतिहास

१/ बफिंगचे यंत्र थांबते. काळ्या गाडीचे बॉनेट आरशासारखे लखलखते. मग गाडी उन्हात येते आणि सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती एक दुधी वलय उमटते. ठळक ओरखडा एकही दिसत नाही, तरीही काळा रंग राखाडी भासतो. गॅरेजच्या भाषेत हा 'हेझ'. या धूसरपणाचे मूळ शोधू लागले की वाट थेट १७०४ च्या लंडनपर्यंत जाते. #इतिहास #थ्रेड

२/ मूळ प्रश्न साधा आहे. पॉलिश करताना ओरखड्यांचे काय होते? ते झिजून बारीक होतात, की एखाद्या थराखाली झाकले जातात? या प्रश्नावर मोठमोठे शास्त्रज्ञ परस्परविरोधी बाजूंना उभे राहिले. गॅरेजमधल्या कारागिरालाही रोज तोच प्रश्न सोडवावा लागतो, आणि त्याच्या हातून झालेली चूक सहसा भरून निघत नाही.

३/ कारण आजच्या गाडीची चमक तिच्या रंगात नसते, रंगावरच्या पारदर्शक 'क्लिअर कोट'मध्ये असते. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. खालच्या रंगाचे उन्हापासून रक्षण हाच थर करतो. यंत्राची प्रत्येक फेरी त्यातला थोडा अंश कायमचा खर्च करते. म्हणून धूसरपणाचे निदान चुकले, तर उपचारच गाडीला महाग पडतो.

४/ पहिले उत्तर आयझॅक न्यूटनचे. १६६८ मध्ये त्याने परावर्ती दुर्बीण घडवली. तिच्यासाठी तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचा आरसा त्याने स्वतः घासला. ही कृती पुढे १७०४ च्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात सविस्तर आली. प्रकाशशास्त्राच्या या महाग्रंथातली ती पाने एखाद्या कसबी कारागिराच्या वहीसारखी वाचता येतात.

५/ न्यूटनचे म्हणणे रोखठोक होते. घासणारी भुकटी कितीही बारीक असली, तरी ती ओरखडे पाडूनच काम करते. भुकटी जितकी बारीक, तितके ओरखडे बारीक. शेवटी ते इतके सूक्ष्म होतात की डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्या अवस्थेला आपण 'पॉलिश' म्हणतो. या दृष्टीने पाहिले तर धूसरपणा म्हणजे अर्ध्या वाटेवर थांबलेले काम.

६/ यामागचे गणित प्रकाशाच्या तरंगलांबीत आहे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉन. पृष्ठभागाचे चढउतार याच्या एका लहान अंशाइतके उरले, की प्रकाश आरशावरून परतावा तसा शिस्तीत परततो. ते त्याहून मोठे असतील तर थोडा प्रकाश आजूबाजूला विखुरतो. विखुरलेला हा प्रकाश म्हणजेच ते दुधी वलय. पांढऱ्या गाडीवर तो मूळ रंगाच्या उजेडात बुडून जातो. काळ्या गाडीवर मात्र त्याला लपायला जागा नसते.

७/ न्यूटनच्या कृतीतला सर्वांत मोलाचा तपशील वेगळाच आहे. तो तांब्याच्या तबकडीवर डांबराचा पातळ थर देई आणि त्यावर कथलाच्या भस्माची अतिशय बारीक भुकटी पसरी. मग आरसा लावण्याआधी ती भुकटी दुसऱ्या तबकडीने घासून डांबरात घट्ट रुतवी. घर्षणाचा आवाज थांबेपर्यंत हे काम चाले.

८/ कारणही त्यानेच दिले आहे. कण रुतलेले नसतील तर ते सुटे गडगडतात आणि आरशावर बारीक खड्डे पाडतात. आज फोमच्या किंवा मायक्रोफायबरच्या पॅडमध्ये नेमके हेच घडते. निघालेल्या रंगाचा चुरा आणि वापरून संपलेले कंपाउंड यांच्या गुठळ्या पॅडमध्ये साचतात, आणि पॅड स्वतःच नवे ओरखडे पाडू लागतो. एकेका पत्र्यानंतर पॅड साफ करण्याच्या शिस्तीमागचे तत्त्व तीनशे वर्षे जुने आहे.

९/ पुढचा टप्पा १९०१ चा. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लॉर्ड रॅले यांनी 'पॉलिश' याच विषयावर व्याख्यान दिले. घासलेली काच पॉलिश होत असताना त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. सगळा पृष्ठभाग हळूहळू एकसारखा गुळगुळीत होत जात नाही, हे त्यांच्या लक्षात आले. उंचवट्यांचे माथे आधी पूर्ण चकाकतात. मग चकाकीचे हे तुकडे पसरत जातात आणि खोल खड्डे शेवटपर्यंत तसेच राहतात.

१०/ म्हणूनच धूसर पृष्ठभाग फसवा असतो. त्याचा बराच भाग खरोखर निर्दोष झालेला असतो आणि उरलेले खड्डे मध्ये मध्ये विखुरलेले असतात. गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली निर्दोष भाग नजरेत भरतो. एकाच बिंदूतून येणाऱ्या प्रखर प्रकाशात, म्हणजे उन्हात किंवा टॉर्चखाली, खड्डे बोलू लागतात.

११/ याच सुमारास ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज बेल्बी यांनी नेमके उलट मत मांडले. पॉलिश होताना धातूचा वरचा थर द्रवासारखा वाहतो आणि ओरखड्यांवर पांघरूण घालतो, असे त्यांचे म्हणणे. पुरावाही बोलका होता. चकचकीत धातूवर आम्ल लावले की लपलेले जुने ओरखडे पुन्हा वर येत. १९२१ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि 'बेल्बी थर' ही संज्ञा रूढ झाली.

१२/ १९३७ मध्ये बोडन आणि ह्यूज यांनी या मताला उष्णतेची जोड दिली. त्यांच्या प्रयोगांत घासणाऱ्या पदार्थाच्या कठीणपणापेक्षा त्याचा वितळणबिंदू महत्त्वाचा ठरला. कापूर किती मऊ! पण तो सुमारे १७८ अंश सेल्सिअसला वितळतो, आणि 'वुड्स मेटल' हा मिश्रधातू ७० अंशांच्या आसपास. म्हणून कापराने घासून तो धातू चकाकवता आला. घर्षणाच्या जागी क्षणभर केवढी उष्णता निर्माण होते, हे त्यातून उघड झाले.

१३/ १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियन धातुशास्त्रज्ञ लेनर्ड सॅम्युअल्स यांच्या कामाने पारडे पुन्हा न्यूटनकडे झुकले. पॉलिश केलेल्या धातूवरही अतिसूक्ष्म ओरखडेच असतात. आम्लाने वर येतात त्या खुणा झाकलेल्या चरांच्या नसून, जुन्या ओरखड्यांखाली दबून विस्कटलेल्या स्फटिकांच्या असतात, असा अर्थ आता लागला. धातूपुरता बेल्बी यांचा वाहता थर मागे पडला.

१४/ पण गाडीचा रंग धातू नाही, आणि त्याचा इतिहासही वेगळा आहे. सुरुवातीच्या मोटारी घोडागाड्यांप्रमाणे ब्रशने, तेलाच्या व्हार्निशचे थरावर थर देऊन रंगवल्या जात. रंगकामाला आठवडेच्या आठवडे लागत. १९२० च्या दशकात ड्यूपाँट कंपनीचे 'ड्यूको' हे नायट्रोसेल्युलोज लॅकर आले. १९२४ च्या मॉडेलची ओकलंड गाडी त्याच्या निळ्या रंगात बाजारात उतरली. फवारायचे आणि काही तासांत वाळवायचे! आपल्याकडचे सुतार आणि रंगारी आजही 'ड्यूको पेंट' म्हणतात, तो शब्द इथून आला.

१५/ लॅकर लवकर वाळे, पण त्याची पूर्ण चमक बहुधा घासूनच काढावी लागे. १९२१ मध्ये अमेरिकेतील ३एम कंपनीने पाण्यात वापरता येणारा सॅंडपेपर बाजारात आणला होता. गॅरेजमधला 'वॉटर पेपर' त्याच कुळातला. आधी वॉटर पेपर, मग रबिंग कंपाउंड, मग पॉलिश ही क्रमवारी मोटारीच्या जगात रुळली. एखादी पायरी गाळली की आदल्या पायरीचे ओरखडे धूसरपणाच्या रूपाने मागे उरत.

१६/ लॅकरने धूसरपणाची आणखी एक जात दाखवून दिली. त्यातील द्रावक झपाट्याने उडतो, त्यामुळे पृष्ठभाग थंड पडतो. हवा दमट असेल तर त्यावर बाष्प साचते आणि रंग वाळतानाच पांढुरका होतो. हा दोष घासण्यातून आलेला नसतो, रंगाच्या अंगातच असतो. त्यावरचा उपाय म्हणजे सावकाश उडणारा द्रावक, म्हणजेच 'रिटार्डर'. वरवरचा पांढुरकेपणा घासून निघेल, खोलवरचा निघत नाही.

१७/ या इतिहासातून कारागिराच्या हाती तीन प्रश्न येतात. पहिला बेल्बींचा: वर काही पांघरले आहे का? पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पृष्ठभाग हलक्या हाताने पुसावा. धूसरपणा गेला, तर ती कंपाउंडच्या तेलाची साय होती. यंत्राची गरजच नाही. उलट पुसल्यावर तो वाढला, तर तेलाने ओरखडे भरून काढले होते. धातूच्या बाबतीत मागे पडलेली झाकलेल्या ओरखड्यांची कल्पना इथे अक्षरशः खरी ठरते.

१८/ दुसरा प्रश्न लॅकरच्या काळाचा: दोष रंगाच्या आत आहे का? भिंगाखाली ओरखडे दिसत नाहीत, उजेडाची दिशा बदलली तरी पांढुरकेपणा तसाच राहतो, तर संशय आत वळवावा. नुकताच फवारलेला रंग पुरता मुरलेला नसतो. अशा रंगावर अल्कोहोलही जपून वापरावे. उन्हाने जीर्ण झालेला क्लिअर कोटही असाच दिसतो. त्यावर यंत्र फिरवणे म्हणजे उरलेसुरले कवच काढून टाकणे.

१९/ तिसरा प्रश्न न्यूटनचा: ओरखडे उरले आहेत का, आणि कोणाचे? उजेड हलवताच पंख्यासारखे पट्टे सरकताना दिसले, तर ती एकाच अक्षावर गोल फिरणाऱ्या रोटरी यंत्राची खूण. अत्यंत बारीक रेषांची सर्व दिशांना पसरलेली जाळी दिसली, तर ती बहुधा दुहेरी गतीच्या यंत्रावर लावलेल्या खरखरीत पॅडची. उपाय एकच: स्वच्छ आणि मऊ फोम पॅड, अधिक बारीक पॉलिश, कमी दाब, संथ चाल.

२०/ बोडन-ह्यूज यांची उष्णता इथे पुन्हा आठवावी. क्लिअर कोट धातूच्या मानाने फारच कमी तापमानाला मऊ पडतो. कोरड्या पडलेल्या कंपाउंडवर जोर दिला की रंग तापतो, कण गुठळ्या धरतात आणि ओढले जातात. मग धूसरपणा घालवण्यासाठी लावलेला जोरच नवा धूसरपणा निर्माण करतो. म्हणून आधी वीतभर जागेवर प्रयोग करावा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी: पॅड, पॉलिश, वेग किंवा दाब.

२१/ न्यूटनने आरशावरचा शेवटचा हात पूर्ण ताकदीनिशी आणि बराच वेळ चालवला होता. तो धातू होता, तिथे ते चालून गेले. गाडीच्या रंगावर त्याचे ते बळ उचलू नये. त्याच हातातली दुसरी गोष्ट मात्र उचलण्याजोगी आहे. अखेरच्या फेरीत त्याने नवी भुकटी मुळीच टाकली नाही. डांबर कोरडे पडू नये म्हणून तो अधूनमधून त्यावर नुसता श्वास सोडत राहिला, आणि आधीच रुतलेल्या, झिजून बारीक झालेल्या कणांकडून काम पुरे करून घेतले. (समाप्त)